बालपण आणि घराची मुळं यांवर कविता लिहिताना: कामाचा क्रम

या विषयावरच्या बहुतेक कविता पहिल्याच ओळीत वाट चुकतात. लिहिणाऱ्याचं मन भरून आलेलं असतं, हाताशी ‘मुळं’, ‘माती’, ‘नाळ’, ‘सावली’ हे शब्द असतात, आणि दहा मिनिटांत बारा ओळी होतात. त्या वाचल्यावर कळतं की यातली आजी कुणाचीही आजी असू शकते. लिहिणाऱ्याचं प्रेम खरं असतं, तरी कवितेत ते उतरत नाही.

यात प्रतिभेची उणीव क्वचितच असते. क्रम उलटा लागलेला असतो: आधी भावना, मग यमक, आणि तपशील उरलेल्या जागेत. तो क्रम इथे सरळ केला आहे. आधी वस्तू आणि वाक्यं गोळा करायची, मग एकच निवडायची, मग खर्डा, मग घाट (कवितेचा आकार: छंदात की मोकळा), मग काटछाट. भावनेसाठी यात वेगळा टप्पा ठेवलेला नाही. बाकीचं नीट झालं की ती आपोआप येते.

आधीच हाताशी ठेवा: एक वही (फोनवर लिहिलं तरी चालतं, पण यादीसाठी कागद बरा, खोडलेलं दिसत राहतं), रोजची वीस मिनिटं आणि साधारण दोन आठवडे. एका बैठकीत संपवायचं असेल तर हा विषय घेऊ नका.

## टप्पा १: यादी करा, ओळी नकोत

वहीच्या पानावर पाच रकाने आखा: वस्तू, आवाज, वास आणि स्पर्श, बोलणं, जागा. तीन दिवस रोज वीस मिनिटं बसून मिळून निदान ४० नोंदी करा. आकडा मुद्दाम मोठा ठेवला आहे. पहिल्या दहा-बारा नोंदी सगळ्यांच्या सारख्याच असतात, कारण त्या आठवणीतून येत नाहीत, इतरांच्या कवितांतून आलेल्या असतात. पंचविसाव्या नोंदीच्या पुढे हात अडखळायला लागतो, आणि तिथून तुमच्या घराच्या नोंदी सुरू होतात.

प्रत्येक नोंदीत एक वस्तू आणि तिची एक खूण हवी. ‘आजोबांचा चष्मा’ ही अर्धी नोंद झाली. ‘डाव्या काडीला निळा दोरा गुंडाळलेला चष्मा’ ही पूर्ण नोंद. दोरा का बांधला, कुणी बांधला, हे आत्ता लिहू नका.

आठवत नसेल तर घरात शिरा. डोळे मिटून दारापासून सुरुवात करा आणि एकेक खोली फिरा, पण आजच्या उंचीने फिरू नका. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे मोठ्यांच्या कमरेपाशी असतात. टेबलाखाली शिरलं की त्याला टेबलाची खालची बाजू दिसते, तिथे चिकटलेला कागद, बाहेर आलेला खिळा दिसतो. मोठ्यांचे चेहरे त्याला वर मान करूनच दिसतात. समोर असतात ते हात, खिसे, पदराचं टोक, चपलांचे झिजलेले अंगठे. या उंचीवरून फिरलात की निम्मी यादी एका दिवसात होते.

बोलण्याच्या रकान्यात वाक्यं जशीच्या तशी उतरवा. घरात तुम्हाला काय हाक मारत? रागावल्यावर नाव बदलायचं का? दार उघडताना, दिवा मालवताना ठरलेलं असं काही बोललं जायचं का? ते बोलीत असेल, अशुद्ध म्हणतात तसं असेल, दोन भाषांची सरमिसळ असेल, तरी दुरुस्त करू नका. कवितेत पुढे हीच वाक्यं सगळ्यात जास्त वजन पेलतात.

सावधान: यादीत ‘प्रेमळ’, ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘निरागस’ ही विशेषणं आली तर ती खोडा आणि विचारा, असं कशावरून म्हणतोय? उत्तरात जी कृती मिळेल ती नोंदवा. ‘प्रेमळ आत्या’च्या जागी ‘आपल्या ताटातलं उचलून न बोलता माझ्या ताटात ठेवणारी आत्या’ येते, आणि मग प्रेमळ म्हणायची गरज राहत नाही.

तपासून पाहा: यादी सख्ख्या भावंडाला दाखवली आणि नावं झाकली, तरी त्याला घर ओळखता आलं पाहिजे. शेजारच्यालाही ते आपलंच घर वाटलं तर अजून दोन दिवस यादीवर घाला.

## टप्पा २: घरच्यांना विचारा, पण हातात वस्तू ठेवून

‘जुन्या काळाबद्दल काहीतरी सांगा ना’ असं विचारलं की मोठी माणसं ठरलेल्या चार गोष्टी सांगतात, ज्या आपण शंभरदा ऐकलेल्या असतात. विचारण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. एखादा फोटो, जुनं पत्र, भांडं, किल्ली असं काहीतरी त्यांच्या हातात द्या आणि अगदी छोटा प्रश्न विचारा:

- हा फोटो काढला तेव्हा फोटोच्या बाहेर कोण उभं होतं?
- ही किल्ली कुठे टांगलेली असायची? तिथपर्यंत हात कुणाचा पोचायचा?
- मी लहान असताना कशाला घाबरायचो? तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?
- तुमची आई तुम्हाला काय हाक मारायची?

शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्या मुळांची कविता लिहिताना आपण आजोबा-आजींवर थांबतो, पण तेही कुणाची तरी लेकरं होती हे या एका प्रश्नातून समोर येतं.

एका बैठकीला अर्धा तास पुरे. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि लगेच त्याच दिवशी ऐकून कामाची वाक्यं वहीत उतरवा. महिनाभराने ऐकलेलं रेकॉर्डिंग परकं वाटतं. उत्तर येईपर्यंत गप्प राहायला शिका. आपण मधे बोललो की समोरचा माणूस आपल्याला हवं ते सांगायला लागतो.

तुमची आठवण आणि त्यांची आठवण जुळणार नाही, हे धरून चाला. तुम्हाला दोरा निळा आठवतो, काकांना पांढरा. कोण बरोबर, याचा निकाल लावू नका. दोन्ही शेजारी लिहून ठेवा. पुष्कळदा कविता या दोन आठवणींच्या मधल्या फटीत असते.

ज्यांना विचारायला कुणी उरलं नाही, जे दत्तक गेले, जे संस्थेत वाढले, ज्यांची घरं सारखी बदलत राहिली किंवा ज्यांना घराची आठवण नकोशी आहे, त्यांना वाटतं की हा विषय आपला नाही. तो त्यांचाही तितकाच आहे. त्यांनी दुसरी यादी करावी: मला काय माहीत नाही. आजीचं माहेरचं नाव माहीत नाही. माझ्या जन्माच्या वेळी पाऊस होता का, माहीत नाही. माझं नाव कुणी ठेवलं, माहीत नाही. अशा १५ नोंदी झाल्या की त्यातल्या त्यात नेमकी, हातात धरता येईल अशी एक निवडा आणि पुढच्या टप्प्यावर जा. रिकामी जागा कल्पनेने भरायची घाई मात्र नको. ‘माहीत नाही’ हे शब्द कवितेत स्वच्छ लिहिता येतात आणि ते फार खोल जातात.

सावधान: त्रासदायक आठवणी वर यायला लागल्या तर वही बंद करा. त्या आत्ताच लिहिल्या पाहिजेत असं बंधन नाही. यादीतल्या दुसऱ्या, सोसवेल अशा वस्तूवर कविता लिहिली तरी ती खोटी ठरत नाही.

## टप्पा ३: एक वस्तू, एक माणूस, एक वेळ

इथे बहुतेक जण चुकतात. ४० नोंदी जमल्या की सगळ्या घालाव्याशा वाटतात. मग आजी, आजोबा, मामा, शाळा, झाड, पाऊस, सुट्टी असं सगळं चोवीस ओळींत येतं आणि कविता सामानाची यादी होते. वाचणाऱ्याला एकाही वस्तूपाशी थांबता येत नाही.

एकच वस्तू निवडा. निवडताना तीन गोष्टी पाहा. ती वस्तू कुणाच्या तरी हातात असली पाहिजे. नुसती भिंतीवर टांगलेली तसबीर कवितेत हलत नाही. त्या वस्तूशी जोडलेली एखादी पुन्हा पुन्हा होणारी कृती हवी: चाचपणं, पुसणं, मोजणं, लपवणं. आणि तेव्हा व आता यांच्यात त्या वस्तूचं काहीतरी बदललेलं हवं: ती हरवली, तुटली, तुमच्याकडे आली, किंवा तिची सवय तुमच्यात आली.

तिसरी अट कविता शेवटाला नेते. चष्म्याचं उदाहरण पुढे नेऊ. आजोबांच्या चष्म्याला दोरा होता, पत्र वाचण्याआधी ते दोरा चाचपत. आज तुमच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला आहे. एवढ्यावर कविता उभी राहते. बाकीच्या ३९ नोंदी वाया गेल्या असं समजू नका. त्यातल्या दोन-तीन आपसूक या कवितेत येतील आणि उरलेल्या पुढच्या कवितांच्या आहेत.

तपासून पाहा: ‘माझी कविता … बद्दल आहे’ हे वाक्य पूर्ण करा. मोकळ्या जागी ‘माझं बालपण’, ‘आमचं घराणं’, ‘संस्कार’ आलं तर निवड झालेली नाही. ‘चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा’ आलं तर झाली.

## टप्पा ४: कोण बोलतंय आणि कुणाशी

खर्ड्याला हात घालण्यापूर्वी चार गोष्टी ठरवा. मराठीत यातल्या बहुतेक गोष्टी क्रियापदात दिसतात, त्यामुळे मधेच बदलल्या की लगेच खटकतात.

तू की तुम्ही. आजोबांना उद्देशून लिहिणार असाल तर घरात जे म्हणत होता तेच ठेवा. आयुष्यभर ज्यांना ‘अहो’ म्हटलं त्यांना कवितेत ‘तू’ म्हटलं की वाचणाऱ्याला ते उसनं वाटतं, आणि घरच्यांना तर नक्कीच. काही घरांत आई ‘तू’ आणि वडील ‘तुम्ही’ असतात. कवितेत दोघं असतील तर तो फरक तसाच राहू द्या. घरात कोण कुणाच्या किती जवळ होतं हे तो फरक न बोलता सांगतो.

‘मी’चं रूप. म्हणायचो, म्हणायचे, म्हणायची: तुम्ही रोज बोलता ते रूप घ्या आणि शेवटपर्यंत टिकवा. छापील वाटावं म्हणून बदललेलं रूप पहिल्याच कडव्यात ओळखू येतं.

मूल बोलतंय की मोठं माणूस. मूल बोलत असेल तर त्याला जे कळत नव्हतं ते कवितेलाही कळता कामा नये. ‘आजोबांच्या डोळ्यांत कर्जाची काळजी होती’ हे सहा वर्षांच्या मुलाला दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की त्या दिवशी पत्र वाचून झाल्यावर ते घडी न घालता तसंच खिशात गेलं.

काळ. बालपणासाठी आपल्याकडे सवयीचा भूतकाळ हाताशी असतो: वाचायचे, यायचं, मोजायचो. तो गोड आहे, पण सलग वापरला तर प्रत्येक ओळ ‘-यचे, -यचं, -यचो’वर आपटते आणि चाल एकसुरी होते. शिवाय ‘नेहमी असं व्हायचं’ यात काही घडत नाही. म्हणून सवय सांगून झाली की निदान एक ओळ ‘एकदा’ची हवी: वाचलं, थांबले, संपल्या. हा उपाय वरवर व्याकरणाचा वाटतो, पण कविता वळते ती बहुतेक वेळा याच ओळीत.

## टप्पा ५: पहिला खर्डा

२५ मिनिटांचा गजर लावा. यमक जुळवायचं नाही, मागे जाऊन खोडायचं नाही. पहिल्या ओळीत वस्तू हवी. ‘आठवतात ते दिवस’, ‘मन मागे धावते’, ‘आज पुन्हा एकदा’ अशा सुरुवातीने वाचणाऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवल्यासारखं होतं. सरळ आत घ्या.

नेहमी होणारा खर्डा असा असतो:

> माझे आजोबा होते फार थोर
> त्यांच्या आठवणींना नाही छोर
> त्यांच्या मायेची सावली गार
> तेच माझ्या जीवनाचा आधार

चार ओळी, यमकाच्या दोन जोड्या, आणि आजोबा एकदाही दिसले नाहीत. ‘छोर’ हा शब्द ‘थोर’साठी आला, ‘गार’ हा ‘आधार’साठी. यमकाने आशय ओढत नेला.

त्याच आजोबांचा दुसरा खर्डा:

> आजोबांच्या चष्म्याच्या डाव्या काडीला
> निळा दोरा गुंडाळलेला असायचा.
> पत्र आलं की ते आधी दोरा चाचपायचे,
> मग पहिली ओळ दोनदा वाचायचे.
> माझं नाव शेवटच्या ओळीत यायचं,
> तोवर मी जिन्याच्या पायऱ्या मोजायचो.
> ते दिवस किती सुंदर होते!
> आता माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय.
> दुकान उद्या उघडेल.
> मी खणात निळा दोरा शोधतोय.
> आजोबा माझ्यातच आहेत, हे मला कळलं.

यात दोन ओळी नको आहेत, चालीचा एक दोष आहे. ते पुढे पाहू. पण आजोबा दिसतात, मूल दिसतं, आणि ‘थोर’ न म्हणता दोघांमधलं नातं कळतं. खर्ड्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा.

खर्डा झाला की वही तीन दिवस मिटून ठेवा. लगेच सुधारायला बसलात तर कागदावरचं न वाचता डोक्यातलंच वाचाल.

## टप्पा ६: घाट ठरवा

छंद, म्हणजे ओळींचं ठरलेलं माप, आधी ठरवला तर तपशील त्याच्या मापाने कापले जातात, म्हणून घाट खर्ड्यानंतर. खर्डा मोठ्याने वाचा. ओळी आपोआप एका लांबीच्या पडत असतील तर छंदात जा. बोलल्यासारख्या लहानमोठ्या पडत असतील तर मुक्तछंद.

मुक्तछंद म्हणजे गद्याचे तुकडे नव्हेत. ओळ कुठे तोडायची हे ठरवणं हेच त्यातलं मुख्य काम. ओळीचा शेवटचा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून तिथे ‘आणि’, ‘की’, ‘होता’ ठेवू नका; दोरा, पायऱ्या, नाव असा भार पेलणारा शब्द ठेवा. क्रियापद शेवटी येण्याची मराठीची सवय इथे आड येते. ती टाळायला वाक्य उलटंपालटं करण्यापेक्षा क्रियापदच गाळून पाहा: ‘डाव्या काडीला निळा दोरा गुंडाळलेला असायचा’ याचं ‘डाव्या काडीला निळा दोरा’ झालं की ओळ घट्ट होते.

अष्टाक्षरी नवख्यांना सगळ्यात जवळची. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचं बंधन नाही. जोडाक्षर एकच धरायचं: ‘चष्म्याची’ म्हणजे च-ष्म्या-ची, तीन अक्षरं.

> दोरा गुंडाळला निळा
> डाव्या काडीच्या सांध्याला
> पत्र उघडण्याआधी
> हात तिथेच थांबला

बोटांवर मोजा, चारही ओळी आठ भरतात. ‘सांध्याला–थांबला’ हे यमक फक्त शेवटच्या अक्षराचं आहे, कानाला जेमतेम पुरतं, पण अर्थाला धक्का लावत नाही म्हणून ठेवलं. दुसरी ओळ ‘डाव्या काडीला हो छान’ अशी केली तरी आठच अक्षरं होतात, पण ‘हो छान’ ही निव्वळ भरती झाली. हो, गं, रे, तो, ती, सारा, छान हे शब्द ओळीच्या कडेला दिसले की संशय घ्या.

अभंग घ्यायचा तर मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात (चरण म्हणजे या चार तुकड्यांपैकी एक). कमी शब्दांत ओळखीचा प्रश्न मांडायला हा घाट फार उपयोगी, कारण शेवटचा चार अक्षरांचा चरण एकदम थांबवतो. घरातलं टोपणनाव आणि शाळेतलं नाव यांवर पाहा:

> घरातले नाव । दारापाशी राही ।
> हजेरीत नाही । ठावे कुणा ॥

मूल घराबाहेर पडतं तेव्हा एक नाव मागे ठेवून जातं, एवढाच आशय आहे. बावीस अक्षरांत तो मावतो. इथे ‘घरातले’, ‘ठावे’ अशी छापील, जुनी वळणं आली आहेत, कारण अभंगाची चाल ती मागते. तुमच्या वस्तूला ती शोभत नसतील तर हा घाट सोडून द्या.

तपासून पाहा: छंदात बसवल्यावर मूळ खर्ड्यातला एखादा नेमका तपशील गळला का? निळा रंग, डावी बाजू, दोनदा वाचणं यातलं काही छंदासाठी सोडावं लागत असेल तर तपशील ठेवा आणि छंद बदला.

## टप्पा ७: काटछाट

खर्ड्यातल्या चौथ्या हिश्श्याएवढ्या ओळी जातील असं धरून बसा. पहिली जाते ती सांगणारी ओळ. ‘ते दिवस किती सुंदर होते!’ ही ओळ वाचणाऱ्याने म्हणायची आहे. आपणच म्हटली की त्याला करायला काही उरत नाही.

मग शेवटची ओळ पाहा. या विषयावरच्या दहा कवितांपैकी बऱ्याच कविता शेवटून दुसऱ्या ओळीवर संपलेल्या असतात आणि कवीला ते कळलेलं नसतं. ‘मी खणात निळा दोरा शोधतोय’ इथे सगळं होऊन जातं. त्यापुढचं ‘आजोबा माझ्यातच आहेत’ हे स्पष्टीकरण आहे. शेवटची ओळ बोटाने झाका आणि वाचा. कविता पुरी वाटली तर बोटाखालची ओळ काढून टाका, ती कितीही आवडती असली तरी.

नंतर झिजलेले शब्द शोधा: मुळं, नाळ, माती, वटवृक्ष, सावली, घरटं, पाखरं, शिदोरी, संस्कार, हरवलेलं बालपण. हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांच्यामागचं चित्र वाचणाऱ्याला आता दिसत नाही. विषयच मुळांचा असताना ‘मूळ’ हा शब्द कवितेत एकदाही न आणणं जमतं का, ते करून पाहा. बहुतेकदा जमतं आणि कविता सुधारते.

उपमांचंही तसंच. ‘दोरा जणू नात्यांचा धागा’ असं लिहिलं की खरा दोरा नाहीसा होतो. वस्तूला वस्तूच राहू द्या; वाचणारा अर्थ लावायला समर्थ असतो.

## टप्पा ८: मोठ्याने वाचा, तीनदा

पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने वाचा आणि जीभ अडखळेल तिथे खूण करा. दुसऱ्यांदा फक्त ओळींचे शेवटचे शब्द वाचा. आपल्या खर्ड्यात हे शब्द असे येतात: चाचपायचे, वाचायचे, यायचं, मोजायचो. टप्पा ४ मध्ये सांगितलेला दोष तो हाच. आता यादीकडे परत जा आणि ‘एकदा’ काय झालं होतं ते शोधा. समजा नोंद सापडली: एका पत्रात मुलाचं नाव नव्हतं. ती ओळ आली की कवितेचं रूप बदलतं:

> डाव्या काडीला निळा दोरा.
> पत्र आलं की आजोबा आधी दोरा चाचपायचे,
> मग पहिली ओळ दोनदा वाचायचे.
> माझं नाव शेवटच्या ओळीत यायचं,
> तोवर मी जिन्याच्या पायऱ्या मोजायचो.
> एकदा पायऱ्या संपल्या, नाव आलं नाही.
>
> माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय.
> दुकान उद्या उघडेल.
> मी खणात निळा दोरा शोधतोय.

पत्र कुणाचं होतं, नाव का आलं नाही, हे सांगितलेलं नाही आणि सांगायचीही गरज नाही. मुलाला तेव्हा ते कळलं नव्हतं. आता ‘पहिली ओळ दोनदा’ या साध्या तपशिलाचाही अर्थ बदलतो: आजोबांची नजर अधू होती, की त्यांना पुढे जायचं नव्हतं?

तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. तो जिथे थांबतो तिथे तुम्ही ओळ तोडली आहे का, बघा. वाचून झाल्यावर ‘आवडली का?’ असं विचारू नका, उत्तर ‘छान आहे’ असंच येतं. विचारा, ‘तुला काय दिसलं?’ वस्तूचं नाव आलं तर काम झालं. ‘आजोबांबद्दलचं प्रेम’ असं मोघम उत्तर आलं तर टप्पा ७ पुन्हा करा.

## टप्पा ९: शीर्षक आणि घरच्यांची संमती

शीर्षकाने कवितेत नसलेली माहिती द्यावी. वरच्या कवितेत ‘चष्मा’ हा शब्द पहिल्या कडव्यातून गेला आहे, त्यामुळे ‘डाव्या काडीला’ म्हणजे कशाच्या, हे कळत नाही. शीर्षक ‘चष्मा’ ठेवलं की अडचण सुटते आणि एक ओळ वाचते. ‘माझे आजोबा’, ‘बालपणीच्या आठवणी’, ‘ऋणानुबंध’ ही शीर्षकं काहीच काम करत नाहीत.

कविता बाहेर पाठवण्यापूर्वी तिच्यात असलेल्या हयात माणसांना दाखवा. आजार, कर्ज, भांडण, मोडलेलं लग्न यांचा उल्लेख असेल तर हे टाळू नका. तुमची आठवण तुमची आहे, पण त्यातली दुसऱ्याची दुखरी जागा एकट्या तुमची नाही. नकार आला तर आधी नातं बदलून पाहा, काकांचे मामा करा, गाव आणि वर्ष काढून टाका. तरीही नको म्हणाले तर कविता वहीत राहू द्या. लहान मुलांची खरी नावं, शाळा, घराचा पत्ता असं काही ओळखू येईल ते ठेवूच नका.

कुणी म्हणेल, ‘दोरा निळा नव्हता, पांढरा होता.’ लगेच दुरुस्त करू नका. त्यांना विचारा की तो कुणी बांधला होता, आणि वही उघडून ते उत्तर तारखेसह नव्या पानावर लिहून ठेवा.